खात्यातून पैसे कोण काढतं?

लंडन : सप्टेंबर उजाडला की इथल्या विद्यापीठांच्या आवारात मराठी कानावर पडू लागतं. नव्याने आलेल्या या मुलांचं इंग्रजी चांगलं असतं. तरीही बँक, घरमालक आणि वीज कंपनी यांच्याशी बोलताना ती अडखळतात. पैशाच्या व्यवहारात इथले शब्द जोडीने येतात, आणि त्या जोडीमागची रीत ठाऊक नसेल तर नुसता अर्थ कळून भागत नाही.

‘पे इन कॅश’ आणि ‘पे बाय कार्ड’ यांतलं ‘इन’ आणि ‘बाय’ उलटसुलट झालं तरी दुकानदार समजून घेतो. लंडनच्या बसमध्ये तर २०१४ पासून रोख चालतच नाही.

खरी मेख आहे ‘स्टँडिंग ऑर्डर’ आणि ‘डायरेक्ट डेबिट’ यांच्यात. दोन्ही ‘सेट अप’ करायच्या, दोन्हींत पैसे आपोआप जातात. म्हणून नवख्याला त्या सारख्याच वाटतात. स्टँडिंग ऑर्डरची रक्कम आणि तारीख आपण ठरवतो, बँक तेवढेच पैसे पाठवते. घरभाडं अनेकदा असंच जातं. डायरेक्ट डेबिटमध्ये मात्र आपण कंपनीला आपल्या खात्यातून पैसे घेण्याची परवानगी देतो. रक्कम कंपनी ठरवते, आणि ती बदलणार असेल तर आधी कळवते. ही पद्धत १९६४ सालची. युनिलिव्हरमधल्या अॅलिस्टर हँटन यांनी आइस्क्रीम विक्रेत्यांकडून वेळेवर वसुली व्हावी म्हणून ती काढली. आज वीज, पाणी, कौन्सिल टॅक्स असं निम्मं घर तिच्यावर चालतं.

आपल्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायला आपण बिचकतो, ते स्वाभाविक आहे. पण या पद्धतीला हमीची जोड आहे. चुकीची रक्कम गेली तर बँकेने ती पूर्ण आणि ताबडतोब परत करायची. आधी कंपनीशी भांडत बसावं लागत नाही. इथल्या बँकव्यवहारातली ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एक मात्र ध्यानात ठेवावं. डायरेक्ट डेबिट ‘कॅन्सल’ केलं म्हणजे करार संपत नाही, देणं उरतंच.

भाड्याच्या काही घरांत प्रीपेमेंट मीटर असतो. तिथे बिल येत नाही, मीटर ‘टॉप अप’ करावा लागतो : किल्ली किंवा कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं आणि आधी पैसे भरायचे.

थकबाकीची भाषा सगळ्यांत आधी शिकावी, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. कर्ज वाढत गेलं की ‘रन अप अ डेट’, भाडं थकलं की ‘फॉल बिहाइंड विथ द रेंट’, फेडून मोकळं झालं की ‘पे ऑफ’. आपली मुलं संकोचाने गप्प राहतात, पत्रं न उघडता ठेवून देतात, आणि दंड चढत जातो. त्यापेक्षा सरळ फोन करून ‘आय हॅव फॉलन बिहाइंड’ म्हणावं आणि ‘पेमेंट प्लॅन सेट अप’ करता येईल का, असं विचारावं. पलीकडच्या माणसाला हे वाक्य रोजचंच असतं, तो हप्त्यांचं बोलू लागतो. तेवढ्यानेही भागलं नाही, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ची सोय आहे. पात्र ठरणाऱ्याच्या बहुतेक कर्जांवरचं व्याज आणि वसुलीची कारवाई साठ दिवसांपर्यंत थांबते. त्यासाठीचा अर्ज कर्जसल्लागारामार्फतच करावा लागतो, आणि ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’सारख्या संस्थांत हा सल्ला फुकट मिळतो.