तुरुंगातला रिकार्डो

१९१९ साली तुरिनमध्ये अंतोनियो ग्रामशी आणि पिएरो स्राफा यांची ओळख झाली. एक डावा पत्रकार, दुसरा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. दोघांचं पटायचंच असं नाही, तरी चर्चा कधी थांबली नाही.

१९२६ मध्ये मुसोलिनीच्या पोलिसांनी ग्रामशीला पकडलं. पुढे वीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. स्राफा केंब्रिजला गेला, पण मित्राच्या नावाने त्याने मिलानच्या एका पुस्तकाच्या दुकानात खातं उघडलं. हवी ती पुस्तकं मागव, पैसे मी भरतो! ग्रामशीने कैदेत लिहिलेल्या ‘तुरुंगातल्या वह्यां’मागे हे खातंही उभं आहे, हे फार कमी सांगितलं जातं.

आणि चर्चा? तीही चालूच राहिली. ग्रामशी मेहुणी तात्यानाला पत्र लिहायचा, ती त्याची नक्कल स्राफाला पाठवायची. १९३२ मध्ये ग्रामशीने विचारलं, की डेव्हिड रिकार्डोच्या अर्थशास्त्राचा मार्क्सच्या तत्त्वज्ञानावर काही परिणाम झाला का? काय प्रश्न आहे हा, तोही कोठडीतून! योगायोग असा, की स्राफा तेव्हा रिकार्डोचंच समग्र लेखन संपादित करत होता.

ग्रामशी १९३७ मध्ये गेला. पुढे ट्रिनिटी कॉलेजात स्राफाकडे शिकलेल्या अमर्त्य सेन यांनी या मैत्रीवर आवर्जून लिहिलं आहे.