पाकट आणि समुद्रघोडा: मासा नक्की कोणता?

परवा मालवणला रापण ओढली, तेव्हा जाळ्यात एक पाकट होतं आणि बोटभर लांबीचा समुद्रघोडाही. शेजारच्या पर्यटकांनी विचारलं, "यातला मासा कोणता?"

दोन्ही! दोघेही कल्ल्यांनीच श्वास घेतात.

🔹 सांगाडा: पाकट मुशीच्या, म्हणजे शार्कच्या नात्यातलं. त्याच्या अंगात हाडं नाहीत, सगळी कूर्चा. समुद्रघोडा मात्र हाडांचा मासा. त्याला खवले नसतात, कातडीखाली हाडांची कडी असतात.

🔹 खाणं: पाकटाचं तोंड पोटाच्या बाजूला असतं. चपट्या दातांनी ते खेकडे, शिंपल्या फोडतं. समुद्रघोड्याला ना दात ना जठर! नळीसारख्या तोंडाने तो बारीक जीव ओढतो आणि दिवसभर खातच राहतो.

🔹 पिल्लं: पाकटाची मादी थेट पिल्लांना जन्म देते. समुद्रघोड्यात मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते आणि बाळंतपण नराचं!

🔹 बचाव: पाकटाच्या शेपटीवर करवतीसारखा विषारी काटा असतो. समुद्रघोडा शेपटीने समुद्री गवताला धरून, रंग बदलून लपतो.

उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दबलेलं पाकट आधीच सटकतं. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

समुद्रघोड्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. वाळवलेला कुणी विकायला आणला तर कृपया घेऊ नका. जाळ्यात जिवंत सापडला तर लगेच पाण्यात सोडा.