भिंतीवरचा हातकागद : नक्षीइतकाच हिशेबाचाही धडा

महाड : रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूर परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्याचे चार महिने जुन्या घरांच्या भिंती ओल धरून असतात. या भागातून डिझाइनच्या शिक्षणासाठी मुंबई-पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याने हातकागदाच्या वॉलपेपरचा विषय प्रकल्पासाठी निवडला, तर त्याच्यासमोरचा पहिला प्रश्न नक्षीचा नसून भिंतीचा असतो.

हातकागद महाराष्ट्राला नवा नाही. दौलताबादजवळील कागझीपुरा आणि जुन्नर ही त्याची जुनी केंद्रे. जुन्नरचे कारागीर पेशवाईत पुण्यात आले आणि कसबा पेठेतील त्यांची वस्ती कागदीपुरा म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे गिरणीच्या कागदाने हा धंदा मोडकळीस आणला. ग्रामोद्योग चळवळीने त्याला पुन्हा हात दिला आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली.

कपड्यांच्या कारखान्यांतून येणाऱ्या सुती चिंध्या हा या कागदाचा मुख्य कच्चा माल. चिंध्या बारीक कापून, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात. जाळीच्या चौकटीवर तो उचलून एकेक ताव कापडावर उतरवला जातो. मग दाबयंत्राखाली पाणी काढून ताव वाळवतात. सुती तंतू लांब असल्याने हा कागद टिकाऊ असतो. मात्र तो तावांत मिळतो, गुंडाळीत नाही. वॉलपेपरचा सारा हिशेब येथेच बदलतो.

दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीचे उदाहरण घेऊ. हातकागदाचा प्रचलित ताव २२ बाय ३० इंचांचा. कडेला कड जुळवून लावल्यास २४ ताव लागतात. अर्ध्या इंचाचा पदर एकमेकांवर घेतल्यास ही संख्या ३० वर जाते. सांधे लपत नाहीत, म्हणून त्यांनाच नक्षीचा भाग करावे लागते.

कारखान्यातील गुंडाळी साधारणपणे ५३ सेंटिमीटर रुंद व १०.०५ मीटर लांब असते. त्याच भिंतीला सहा पट्टे लागतात. नक्षी दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येत असेल, तर एका गुंडाळीतून तीन पट्टे निघतात आणि दोन गुंडाळ्या पुरतात. तीच नक्षी ७५ सेंटिमीटरला पुन्हा येत असेल, तर जुळणी साधताना दोनच पट्टे निघतात आणि तिसरी गुंडाळी घ्यावी लागते. कागदावरचा अकरा सेंटिमीटरचा फरक ग्राहकाच्या खिशातून वसूल होतो.

व्यवसायाची दुसरी बाजू हक्काची. डिझाइन अधिनियम, २००० नुसार नोंदणीकृत नक्षीला दहा वर्षांचे संरक्षण मिळते व ते आणखी पाच वर्षे वाढविता येते. मात्र अर्जापूर्वी नक्षी प्रसिद्ध झालेली नसावी, ही मुख्य अट आहे. काम आधी सर्वांना दाखवून नंतर नोंदणीचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला हा हक्क गमवावा लागू शकतो. मोबदल्याचेही तसेच. तावाच्या किमतीत कारागिराची मजुरी, छपाई, नमुन्यांचा खर्च आणि वाया गेलेले ताव धरले नाहीत, तर पहिलेच काम तोट्यात जाते आणि त्याची झळ बहुधा प्रथम कारागिराला बसते.

राहिला कोकणातील भिंतीचा प्रश्न. ओल्या भिंतीवर खळीने चिकटवलेल्या कागदाला बुरशी धरते आणि खळीच्या आशेने कसरही येते. म्हणून आधी ओलीचे मूळ शोधून गळती बंद करणे व गिलावा पूर्ण वाळू देणे आवश्यक ठरते. वरून जलरोधक रंगाचा हात दिला, तरी आतली ओल तशीच राहते.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराचे पाणी महाडमधील घरांत शिरले होते. अशा शहरात तळमजल्यावर कागद थेट भिंतीला न चिकटवता, काढता येणाऱ्या चौकटीवर ताणून बसविणे अधिक शहाणपणाचे. पाऊस वाढला की चौकट उतरवून वरच्या मजल्यावर नेता येते. भिंतीचे, कागदाचे आणि पावसाचे असे गणित ज्याला जमले, त्याची नक्षी दुसऱ्या पावसाळ्यातही भिंतीवर राहील.