सपाटपणा येतो कुठून?

जुना लेथ दुरुस्त करायचा म्हणजे गंज काढून रंग द्यायचा, अशी एक समजूत आहे. रंग हा त्यातला सर्वांत सोपा आणि बराचसा निरुपयोगी भाग. भंगाराच्या भावात मिळालेला साडेचार फुटी लेथ घरामागच्या शेडमध्ये आणल्यावर मी आधी बेड तपासला. बेड म्हणजे हत्यार धरणारे सॅडल ज्यावरून मागेपुढे सरकते, ते बिडाचे रूळ.

बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक जॉब आखूड असतात, त्यामुळे सॅडलचे सारे आयुष्य चकजवळच्या हातभर पट्ट्यात जाते. तिथे बिडाचा चुरा तेलात मिसळून ग्राइंडिंग पेस्टचे काम करतो. टेलस्टॉककडची बाजू जवळपास नवीच राहते. बोट फिरवले की पायरी लागते आणि माणूस घाबरतो. पण भूमिती इथे थोडी दयाळू आहे. २५ मिमी व्यासाच्या सळईवर हत्यार मध्यरेषेपासून ०.१ मिमी खाली उतरले, तर व्यासात पडणारा फरक एक मायक्रॉनही भरत नाही. तेच हत्यार ०.१ मिमी आडवे मागे सरले, तर व्यास ०.२ मिमीने वाढतो. सुमारे अडीचशे पट! तेव्हा झीज किती, यापेक्षा ती कोणत्या दिशेची, हे आधी पाहावे.

आणि त्याच्याही आधी पीळ पाहावा. फरशी असमान असेल तर बिडाचा जाडजूड बेडसुद्धा पिळतो, आणि पीळ हत्याराला नेमका आडवा ढकलतो. दोन्ही टोकांना आडवी लेव्हल ठेवून मी पायांखाली पत्र्याचे तुकडे सरकवले. चाचणीच्या सळईच्या दोन टोकांतला फरक तेवढ्यानेच निम्म्याहून कमी झाला. ‘झिजलेले’ म्हणून भंगारात जाणारे कितीतरी लेथ केवळ नीट बसवलेले नसतात, असे माझे मत आहे.

उरलेली झीज काढायला मात्र एक सपाट पृष्ठभाग हाताशी लागतो, आणि वाकडे यंत्र तो स्वतः देऊ शकत नाही. मग पहिला सपाट पृष्ठभाग आला कुठून? दोन प्लेटा एकमेकींशी जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या तंतोतंत बसतात. तीन प्लेटा आळीपाळीने प्रत्येकीशी जुळवल्या की ही पळवाट बंद होते. तिन्ही सपाट असल्याशिवाय सगळ्या जोड्या बसतच नाहीत. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या ब्रिटिश असोसिएशनपुढे या विषयावर निबंध वाचला. पृष्ठभाग एमरीने घासू नका, स्क्रेपरने खरवडा, हा त्यांचा आग्रह होता. कारण सरळ आहे: एमरीची पूड वाटेल तिथे जाते, स्क्रेपर मात्र नेमक्या उंचवट्यावर चालवता येतो.

उंचवटा कळतो निळ्या रंगाने. सरफेस प्लेटला पातळ थर लावायचा, भाग त्यावर अलगद फिरवायचा, जिथे निळे ठिपके उमटतील तेवढेच खरवडायचे आणि पुन्हा निळा लावायचा. सुरुवातीला तीन-चार मोठे डाग दिसतात. हळूहळू त्यांचे बारीक ठिपके होऊन सगळीकडे पसरतात. एका फेरीत निघते ते मायक्रॉनमध्ये मोजण्याइतके, आणि दुखतात ते खांदे.

मी क्रॉस स्लाइड अशी खरवडली. बेडला हात लावला नाही. त्यासाठी बेडच्या लांबीला पुरेल अशी खात्रीची सरळपट्टी लागते, ती माझ्याकडे नाही. शिवाय त्याची झीज मुख्यतः खालच्या दिशेची निघाली.