गिअरमध्ये लावलेली गाडी आणि रिमोटचे बटण

मॅन्युअल गाडीत सेल्फ मारण्यापूर्वी चालक दोन गोष्टी नकळत करतो. डावा पाय क्लचवर ठेवतो आणि गिअरचा दांडा डावीकडे-उजवीकडे हलवून न्यूट्रल पाहतो. रिमोट स्टार्टर या दोन्ही गोष्टी वगळून थेट सेल्फपर्यंत पोचतो. ऑटोमॅटिक गाडीत ही उणीव जाणवत नाही, कारण दांडा पार्कमध्ये असेपर्यंत गिअरबॉक्समधील खिटी चाकांना धरून ठेवते आणि पार्क किंवा न्यूट्रल सोडून दांडा कोठेही असला तर सेल्फला वीजच मिळत नाही. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानकांनी ही सेल्फ तोडण्याची अट ऑटोमॅटिकवर सक्तीने घातली. मॅन्युअलला तिच्यातून वगळले. मॅन्युअलमध्ये ते काम चालकाच्या पायावर सोपवलेले आहे.

सेल्फची एवढीशी मोटर गाडी हलवू शकते का, अशी शंका येते. जुन्या चालकांना ती येत नाही. रेल्वे फाटकात गाडी बंद पडली तर पहिला गिअर टाकून, क्लच सोडून नुसत्या सेल्फवर ती रुळांपलीकडे न्यायची, हा धडा ट्रकवाल्यांपासून सगळ्यांनी घेतलेला असतो. हिशेबही तेच सांगतो. सेल्फ इंजिनाला मिनिटाला सुमारे 200 फेरे देतो. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून साधारण 14 पटींनी वेग कमी करतात, म्हणजे चाकाला मिनिटाला 14 फेरे मिळतात. लहान गाडीच्या टायरचा घेर 1.9 मीटरच्या आसपास धरला तर गाडी सेकंदाला 45 सेंटिमीटर सरकते. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कोणी उभे असेल तर एवढे पुरेसे आहे.

खरा धोका इंजिनाने पकड घेतल्यावर सुरू होतो. 800 फेऱ्यांच्या आयडलिंगला पहिल्या गिअरमधील गाडी ताशी साडेसहा किलोमीटरने, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने निघते. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली गाडी अशा वेळी दोन झटके देऊन बहुधा बंद पडे. आजचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, फेरे घसरताना पाहून इंधन आणि हवा वाढवतो. इंजिन बंद पडू नये, हेच त्याला शिकवलेले आहे. त्यात बाहेरून बसवलेली बहुतेक युनिटे इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले नाही तर थोडे थांबून पुन्हा सेल्फ मारतात. गाडी गिअरमध्ये असेल तर प्रत्येक प्रयत्नाला ती आणखी पुढे सरकते.

छत्रपती संभाजीनगरात हे उपकरण घेणाऱ्याला थंडीत इंजिन गरम करायचे नसते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. जालना रोडच्या कडेला दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे स्टिअरिंग हाताला चटका देते. चार मिनिटे आधी एसी सुरू व्हावा, एवढीच अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. अडचण आपल्याकडच्या दुसऱ्या एका चांगल्या सवयीने होते. दौलताबादच्या घाटात किंवा म्हैसमाळला गाडी उभी करताना जाणता चालक हँडब्रेकवर विसंबत नाही. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकतो, वर चाकाखाली दगड लावतो. ड्रायव्हिंग स्कूलही हेच शिकवते. सैल केबलच्या हँडब्रेकवर आयुष्य काढलेल्या माणसाला सपाट जागेवरही गिअरमध्ये गाडी लावल्याशिवाय चैन पडत नाही. रिमोट स्टार्टरला नेमकी ही सवय चालत नाही. ज्याने पंचवीस वर्षे सुरक्षितपणे गाडी लावली, त्याच्याच हातात हे उपकरण सर्वांत घातक ठरते.

वाळूजच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मोटारसायकलींना हिरवा ‘एन’ दिवा असतो. त्याच्यामागे गिअरबॉक्सला लावलेला एक साधा न्यूट्रल स्विच असतो. लाखभर रुपयांच्या दुचाकीला आपण न्यूट्रलमध्ये आहोत हे कळते आणि दहा लाखांच्या कितीतरी मॅन्युअल मोटारींना ते कळत नाही, कारण कारमध्ये क्लच दाबला की नाही एवढेच तपासण्याचा रिवाज पडला. सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणाऱ्या मॅन्युअल गाड्यांत मात्र न्यूट्रल ओळखणारा सेन्सर द्यावाच लागला. तो सेन्सर आला आणि मॅन्युअल गाडीचे रिमोट स्टार्ट कंपनीच्या आवाक्यात आले. 2020 च्या आसपास भारतात काही कंपन्यांनी मॅन्युअल मॉडेलांनाही ही सोय देऊ केली, ती न्यूट्रल आणि हँडब्रेक यांच्या अटी घालूनच.

बाहेरून युनिट बसवणाऱ्याला हा सेन्सर मिळत नाही. त्यामुळे ऑटो इलेक्ट्रिशियनपुढे दोन वाटा राहतात. पहिली म्हणजे क्लच स्विचच्या दोन वायरी जोडून टाकायच्या आणि मालकाला ‘न्यूट्रलमध्ये लावत जा’ म्हणून बजावायचे. हिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ती करू नये. दुसरी वाट ‘रेडी मोड’ची. तिच्यामागचा तर्क मोठा सुरेख आहे.

यात चालक गाडी थांबवतो, न्यूट्रल करतो, हँडब्रेक ओढतो आणि रिमोटचे बटण दाबून किल्ली काढतो. इंजिन सुरूच राहते. तो उतरतो, दारे बंद करतो, लॉक करतो. त्यानंतर युनिट इंजिन बंद करते. क्लचवर पाय नसताना, गाडी जागची न हलता इंजिन चालू होते, यावरूनच ती न्यूट्रलमध्ये आहे हे सिद्ध होते. एकही नवा सेन्सर न बसवता न्यूट्रलची खात्री मिळते. पुढे दार उघडले गेले की ही खात्री रद्द होते आणि त्या खेपेला रिमोटने गाडी सुरू होत नाही. दार उघडल्याशिवाय दांड्याला हात लागत नाही, असे यात गृहीत धरलेले आहे.

हे गृहीतक कोठे मोडते ते पाहिले पाहिजे. उन्हाळ्यात काच चार बोटे खाली ठेवलेली असते आणि तेवढ्यातून हात जातो. गाडीत मूल झोपलेले ठेवून मोठी माणसे उतरली, तर दांडा आतूनच हलू शकतो. जुन्या, स्वस्त व्हेरिएंटमध्ये मागच्या दारांना किंवा डिकीला स्विच नसतो. पुढच्या दाराचा असला तरी गंजलेला असतो आणि आतला दिवा लागत नाही म्हणून कोणी तक्रारही केलेली नसते. वारंवार रद्द होणाऱ्या रेडी मोडला कंटाळलेला मालक दाराची वायर काढून मागतो आणि ती काढून देणाराही भेटतो. हँडब्रेकचा स्विच तर मुळातच अर्धे सांगतो: दांडा वर ओढला आहे एवढेच त्याला ठाऊक, केबल ताणली गेली की नाही हे नाही. उतारावर रेडी मोडमधील गाडी केवळ त्या केबलवर उभी असते. म्हणून उतारावर रिमोट स्टार्ट वापरायचेच नाही. गिअर टाकायचा, दगड लावायचा आणि तापलेल्या गाडीत बसायचे.

येथे थोडे आडवळण. गाडीबाहेर उभ्या माणसाने इंजिन सुरू करणे नवीन नाही. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ येईपर्यंत पुढे उभे राहून हँडल मारणे हाच सर्वमान्य मार्ग होता. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसेडर आणि जीपच्या बंपरमध्ये हँडलचे भोक पुढे कितीतरी वर्षे राहिले. गाडी गिअरमध्ये राहिली तर ती हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येई. म्हणून हँडल हातात घेण्याआधी दांडा हलवून पाहण्याची शिस्त होती. चूक करणारा आणि जखमी होणारा बहुधा एकच असे. रिमोटने ती जोडी फोडली: बटण दाबणारा तिसऱ्या मजल्यावर असतो, गाडीपुढे दुसरेच कोणी असते. त्यामुळे प्रश्न दायित्वाचा होतो.

मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 126 या विषयासाठीच लिहिल्यासारखे वाटते. सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवायचे तर चालकाच्या आसनावर परवानाधारक माणूस हवा; नाहीतर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा किंवा चालकाच्या गैरहजेरीत वाहन चुकून चालू पडणार नाही अशी तजवीज केलेली हवी. 1939 च्या कायद्यातही अशीच तरतूद होती, म्हणजे ती हँडलच्या काळापासून चालत आली आहे. रेडी मोड किंवा कंपनीचा सेन्सर ही ‘तजवीज’ आहे, असा युक्तिवाद करता येईल. पण कलमाचा रोख बंद यंत्राकडे आहे. रस्त्याच्या कडेला रिकाम्या आसनाने चालू ठेवलेली गाडी, मग ती ऑटोमॅटिक का असेना, या कलमाच्या कचाट्यात येते असेच समजून वागणे शहाणपणाचे. दंड किरकोळ आहे: कलम 177 प्रमाणे पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत, नंतर 1500 पर्यंत. महत्त्व दंडाला नाही. अपघात झाल्यावर कायद्याने नेमून दिलेली काळजी घेतली नव्हती, हा निष्काळजीपणाचा तयार पुरावा समोरच्या वकिलाच्या हाती पडतो.

सिडकोतील एका वाचकांनी विचारले आहे की गाडी सोसायटीच्या गेटच्या आत असेल तर हे लागू होते का. ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे लोकांना जाण्याचा हक्क असलेली जागा, अशी कायद्याची व्याख्या आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1988 मध्ये तिचा अर्थ व्यापक लावला. जागेची मालकी खासगी असल्याने ती आपोआप व्याख्येबाहेर जात नाही. दूधवाला, कुरिअरवाला, पाहुणे सर्रास ये-जा करतात तो सोसायटीचा चौक आणि बंगल्याचे कुलूपबंद गॅरेज यांना एका मापाने मोजता येणार नाही. त्यातही बंद गॅरेज हे रिमोट स्टार्टसाठी सर्वांत वाईट ठिकाण. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बिनकिल्लीची गाडी गॅरेजमध्ये चालूच राहिल्याने अमेरिकेत दोन डझनांहून अधिक माणसे दगावल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने 2018 मध्ये छापले होते.

उभी गाडी ‘वापरात’ होती का, हा बचाव विमा कंपनी पूर्वी घेत असे. त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका दुर्घटनेने मिळाले. 1987 मध्ये सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर उलटला. काही तासांनी, भोवती गावकरी जमलेले असताना, सांडलेल्या पेट्रोलचा स्फोट झाला. टँकर तेव्हा निश्चल पडलेला होता. तरीही मृत्यू मोटार वाहनाच्या वापरातूनच ओढवला, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ठरवले. उलटून पडलेला टँकर वापरात असेल तर रिमोटने सुरू केलेली गाडी वापरात नव्हती, असे म्हणणे कठीण.

त्यामुळे जखमी त्रयस्थाला भरपाई मिळण्याची शक्यता चांगली आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 150 विमा कंपनीला त्रयस्थाविरुद्ध मोजकेच बचाव देते. बाहेरून उपकरण बसवले, हा त्यांत नाही. विनापरवाना चालकाचा बचाव आहे. बटण दाबणारा ‘चालक’ ठरतो का, यावर तेथे वाद होऊ शकतो, विशेषतः बटण शाळकरी मुलाने दाबले असेल तर. तसे ठरले तरी सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्ण सिंह निकालानंतर कंपनीला आधी त्रयस्थाला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करण्याचा आदेश मिळू शकतो. भुर्दंड अखेर मालकाच्याच घरी येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा वेगळा. जादा इलेक्ट्रॉनिक उपकरण जाहीर करून त्याचा वेगळा हप्ता भरण्याची सोय पॉलिसीत असते. ते लपवले आणि त्यामुळेच गाडी भिंतीवर गेली, तर दावा अडतो.

युनिट बसवणाऱ्याने ‘गिअरमध्ये लावल्यास जबाबदारी ग्राहकाची’ असे लिहून सही घेतली तरी ती सही फक्त ग्राहकाला बांधते, भिंतीजवळ उभ्या असलेल्या माणसाला नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांवर उत्पादन-दायित्व येते. धोक्याची पुरेशी सूचना न देणे हेही त्याचे कारण होऊ शकते. क्लच स्विच जोडून देणाऱ्या कारागिराची बाजू येथे फार लंगडी पडते. मालकाने नंतर दाराची वायर काढली असेल तर मात्र उत्पादन बदलल्याचा मुद्दा विक्रेत्याच्या मदतीला येतो. अपघातात मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचे कलम 106 पुढे येते, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. यंत्राबाबतच्या हयगयीचे कलम 289 वेगळे.

आरटीओची मात्र अनेकांना अवाजवी भीती वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मधील ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा फरक की ज्याने त्याचे मूळ वैशिष्ट्य बदलते. रिमोट स्टार्टरने आरसीतील एकही रकाना बदलत नाही, तेव्हा ते कलम येथे लावणे ओढूनताणून होईल.

इमोबिलायझर चुकवण्यासाठी दुसरी किल्ली डॅशबोर्डमागे बांधून ठेवण्याची पद्धत आणि गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते तेव्हा होणारी पंचाईत, हा भाग याच लेखांकात येणार होता. हँडलने जागा खाल्ली; तो पुढील आठवड्यात.