बंदूक का मंदावली?

जत्रेत फुग्यांच्या दुकानापुढे तुम्ही कधी तरी उभे राहिला असाल. फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले असतात. दुकानदार छऱ्याची बंदूक हाती देतो. नेम धरायचा आणि चाप ओढायचा. फट्! फुगा फुटला की पोरे टाळ्या पिटतात.

अशाच एका दुकानदाराची ही गोष्ट. त्याची बंदूक जुनी होती, बापाच्या वेळची. एका जत्रेत ती मंदावली. छर्रा फुग्याला लागे, पण फुगा फुटेना. छर्रा नुसता खाली पडे. गिऱ्हाइके चिडली. "मुद्दाम असली बंदूक ठेवली आहेस. लोकांना लुबाडतोस!" असे एक जण तोंडावर बोलला. दुकानदाराला ते फार लागले. धंदा बुडाला तर पुढच्या जत्रेत भरून काढता येतो. पण एकदा लबाड म्हणून नाव झाले की ते कसे पुसायचे?

त्याने शहरातून नवी स्प्रिंग आणली. पदरचे पैसे घालून बसवून घेतली. फरक पडला नाही. मग त्याने दुसरी स्प्रिंग आणली, पहिलीपेक्षा कडक. आता बंदूक ओढताना हात भरून येई आणि उडवताना खांद्याला हिसका बसे. छर्रा मात्र मंदच.

शेवटी तो एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री सायकली, स्टोव्ह आणि असल्या बंदुका दुरुस्त करी. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

"छऱ्याला कोण ढकलतं, सांग बघू?"

"स्प्रिंग," दुकानदार म्हणाला.

"इथंच चुकलास, बाबा. स्प्रिंग छऱ्याला शिवतसुद्धा नाही. छऱ्याला ढकलते ती हवा."

बंदुकीच्या पोटात काय असते?

मिस्त्रीने शेजारचा सायकलचा पंप उचलला. "हा बघ. आत दांडा आहे. दांड्याच्या टोकाला चामड्याची वाटी आहे. तिला आपण वॉशर म्हणतो. दांडा दाबला की वॉशर हवा पुढं रेटतो. तुझ्या बंदुकीत हेच आहे. फरक एवढाच, की पंप तू हातानं दाबतोस आणि बंदुकीत ते काम स्प्रिंग करते."

ही गोष्ट नीट समजून घेऊ या. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या बंदुका मधोमध मोडतात. नळी खाली ओढली की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि स्प्रिंग दबते. टक् असा आवाज होतो. दट्ट्या खटक्यात अडकला, असा त्याचा अर्थ. मग नळीच्या मागच्या तोंडात छर्रा घालायचा आणि नळी सरळ करायची. चाप ओढला की खटका सुटतो. स्प्रिंग दट्ट्याला जोराने पुढे फेकते. दट्ट्यापुढची हवा दाबली जाते आणि एका बारीक भोकातून नळीत शिरते. तिच्या रेट्याने छर्रा सुटतो. हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते.

ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत रास्टाट गावी १८९० साली डायनाचा कारखाना निघाला. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याने १९०५ पासून हवेच्या बंदुका केल्या. पोटातली मुख्य गोष्ट सगळीकडे एकच: स्प्रिंग, दट्ट्या, वॉशर आणि खटका. झिजतात तीही हीच. यातले कोणते झिजले, हे ओळखायचे कसे?

आधी खटका पाहा

मिस्त्रीने आपला उजवा हात पुढे केला. अंगठ्याजवळच्या बोटाचे टोक नव्हते.

"हे खटक्यानं नेलं," तो म्हणाला. "नळी मोडलेली होती. मी छर्रा घालत होतो. झिजलेला खटका सुटला, नळी फाडकन मिटली आणि बोट मधे सापडलं. तुझ्या दुकानात छर्रे कोण भरतं?"

"माझा पोरगा."

"मग बंदुकीचा जोर नंतर बघू. आधी खटका."

खटका झिजला की त्याची धार गोल होते. मग दट्ट्या नीट अडकत नाही. ओढताना टक् आवाज पुसट येतो, किंवा दोन-तीनदा ओढावे लागते. आणखी एक तपासणी आहे. बंदुकीत छर्रा भरा, नळी पूर्ण मिटवा, तोंड वाळूच्या पोत्याकडे धरा. चापाला बोट लावू नका. आता दस्त्यावर तळहाताने हलकेच थाप मारा. बंदूक आपोआप उडाली, तर खटका गेला असे समजा. ती बंदूक त्या दिवसापासून कुणाच्याही हाती देऊ नये.

खटका कानसीने घासून धारदार करू नका. त्याच्या वरच्या कडक लोखंडाचा थर पातळ असतो. तो घासला गेला की खालचे मऊ लोखंड लवकरच झिजते. खटका नवाच घालावा. आणि खटका चांगला असला तरी, छर्रा घालताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवावी. ही सवय कधी सोडू नये.

दुकानदाराच्या बंदुकीचा खटका शाबूत होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग सांधा पाहा

नळी जिथे मोडते तिथे एक लहान वॉशर असतो. कधी तो चामड्याचा असतो, कधी रबराचा. नळी मिटल्यावर हवा बाहेर जाऊ नये, एवढेच त्याचे काम. तो सांध्याच्या पातळीहून किंचित वर आलेला असावा. चपटा झाला, चिरला किंवा आत बसला, की हवा तिथूनच निसटते.

मिस्त्रीने पातळ कागदाची एक पट्टी सांध्यावर अलगद ठेवली. छर्रा भरून बंदूक पोत्यावर उडवली. पट्टी भुर्रकन उडाली.

"बघ, तुझा वारा इथनं जातोय. आता स्प्रिंग कितीही कडक घाल, काय उपयोग?"

हा वॉशर अगदी थोडक्या पैशात मिळतो. तो बदलायला बंदूक खोलावीही लागत नाही. म्हणून तो आधी पाहावा.

मग दट्ट्याचा वॉशर

नवा वॉशर घालून मिस्त्रीने पुन्हा बंदूक उडवली. पट्टी हलली नाही. तरीही आवाज ठणकन आला, घणाने लोखंडावर मारावे तसा. मिस्त्रीने मान हलवली.

दट्ट्याचा वॉशर चांगला असला, की पुढे दाबलेली हवा दट्ट्याला गादीसारखी अडवते. आवाज दबका येतो. वॉशर वाळला किंवा फाटला, की हवा त्याच्या बाजूने मागे पळते. गादी उरत नाही. दट्ट्या सरळ पुढच्या लोखंडावर आदळतो. ओढायला बंदूक जड, आवाज मोठा, पण छर्रा मंद, असे झाले की दोष बहुधा दट्ट्याच्या वॉशरचा असतो. अशा बंदुकीत कडक स्प्रिंग घातली, तर दट्ट्या आणखी जोराने आदळतो आणि चांगले भागही बिघडतात. छर्रा न भरता बंदूक उडवली तरी हेच होते. म्हणून रिकामी बंदूक कधी उडवू नये.

वॉशर चामड्याचा असेल तर तो पुष्कळदा तेलाने सुधारतो. स्टोव्हच्या पंपाचे चामडे वाळले की घरात आपण काय करतो? तेल लावतो. तसेच इथे. बंदूक उघडून हवेच्या बारीक भोकात एरंडेलाचे चार-पाच थेंब सोडावे आणि ती रात्रभर दस्त्यावर उभी ठेवावी. चामडे तेल पिते आणि फुगते. रॉकेल किंवा पातळ तेल मात्र घालू नये. जास्त तेलही नको. दाबलेली हवा इतकी तापते, की तेल आत पेट घेते. नळीतून धूर येतो, मोठा बार होतो आणि वॉशर व स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

रबराचा किंवा प्लॅस्टिकचा वॉशर तेल पीत नाही. तो फाटला की बदलावाच लागतो.

शेवटी स्प्रिंग

ओढताना बंदूक पूर्वीपेक्षा हलकी लागली, किंवा आत करकर आवाज आला, तर स्प्रिंगकडे संशय न्यावा. ती तुटली असेल किंवा थकली असेल. बंदूक ओढून तशीच तासन् तास ठेवली की स्प्रिंग थकते.

पण स्प्रिंग पाहायला बंदूक खोलावी लागते, आणि तिथे धोका आहे. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते. मागचा भाग सैल होताच ती गोळीसारखी बाहेर येते. डोळा जाऊ शकतो. म्हणून बंदूक शिकंज्यात धरून, जाणत्या माणसाकडूनच खोलून घ्यावी.

मिस्त्रीने ती तशी खोलली. दट्ट्याचे चामडे खापरासारखे कडक झाले होते. त्याने ते काढून रात्रभर तेलात भिजत घातले. ज्या नळकांड्यात दट्ट्या फिरतो, त्यातून त्याने बोट फिरवले. लांब चरा असता आणि त्यात नख अडकले असते, तर नवा वॉशरही टिकला नसता. पण ते गुळगुळीत होते.

"तुझी पहिली स्प्रिंग आहे का रे? तुझ्या बापाच्या वेळची?"

दुकानदाराने ती पिशवीतून काढली. मिस्त्रीने ती सपाट पाटावर गडगडवली. वाकडी स्प्रिंग उड्या मारत जाते. ही सरळ गेली. कुठे तुटलेली नव्हती. नव्या स्प्रिंगपेक्षा ती थोडी आखूड होती, पण तेवढी आखूड प्रत्येक वापरलेली स्प्रिंग होतेच. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तीच परत बसवली.

"म्हणजे दोन स्प्रिंगांचे पैसे पाण्यात गेले," दुकानदार म्हणाला.

"पैसे गेले, अक्कल आली," मिस्त्री हसून म्हणाला.

आता तो दुकानदार रोज दुकान मांडण्याआधी एक काम करतो. वाळूच्या पोत्यापुढे साबणाची वडी ठेवतो आणि ठरलेल्या अंतरावरून तीन छर्रे मारतो. छर्रा किती आत गेला ते काडी घालून मोजतो. रोजच्यापेक्षा कमी भरला, तर त्या दिवशी ती बंदूक गिऱ्हाइकाला देत नाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुऊनच भाकरीला बसतो. त्याला आता कोणी लबाड म्हणत नाही. आणि पोराची दहाही बोटे शाबूत आहेत.

लक्षात ठेवा:

आधी खटका, मग सांधा, मग दट्ट्याचा वॉशर, शेवटी स्प्रिंग.

हलकी ओढते आणि मंद मारते, तर स्प्रिंग पाहा. जड ओढते तरी मंद मारते, तर हवा कुठून पळते ते शोधा.

दोष कळल्याशिवाय नवा भाग विकत घेऊ नका.