पाणी आधी, चाक मागून

सोफियाच्या दक्षिण टोकाला ह्लादिल्निका नावाचा बसथांबा आहे. शब्दाचा अर्थ फ्रिज, आणि ऑक्टोबरातल्या सकाळी सात वाजता तो नावाला पुरेपूर जागतो. इथून ६६ नंबरची बस वितोशा डोंगरावर अलेकोपर्यंत जाते. बसमध्ये थर्मास आणि काठ्या घेतलेली म्हातारी मंडळी, आईच्या मांडीवर पेंगणारी पोरं, आणि मागच्या बाजूला फावडी-कुदळी पायाशी आडव्या टाकून बसलेले आम्ही आठ जण. एका आजोबांनी अवजारांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. उत्तरात ‘सायकल’ ऐकू येताच त्यांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं. या डोंगरावर चालणाऱ्यांचं आणि सायकलवाल्यांचं फारसं सख्य नाही.

अलेकोला उतरलं की आपण १८०० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. खाली अख्खं शहर धुक्यात बुडालेलं. जागेला नाव लेखक अलेको कॉन्स्तांतिनॉव्ह यांचं. १८९५च्या ऑगस्टमध्ये ते सुमारे ३०० माणसं घेऊन २२९० मीटर उंचीच्या चेर्नी व्रह शिखरावर गेले. बल्गेरियातली डोंगर भटकण्याची चळवळ तिथून मोजतात. १९३४मध्ये वितोशा निसर्गउद्यान झालं, बाल्कन प्रदेशातलं पहिलं. शहराला इतका खेटून असलेला डोंगर राखायचा तर येणाऱ्यांना नुसतं अडवून भागत नाही, त्यांनी कुठून जायचं तेही ठरवावं लागतं. सायकलवाले इथून सिमेओनोवोच्या दिशेने जवळजवळ हजार मीटर खाली उतरतात. आमच्या वाट्याला दुरुस्तीसाठी त्या उतारावरच्या वाटेचा एक तुकडा होता, जेमतेम दीडशे मीटरचा.

पहिला तासभर कुणी कुदळीला हातही लावला नाही. आमची म्होरकी पन्नाशीची एक बाई होती. मनातल्या मनात मी तिला मुकादम म्हणत होतो. तिने पिण्याच्या बाटलीतलं पाणी वाटेवर ओतलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. पाण्याने दरीकडे जायला हवं होतं. ते गेलं नाही. वाटेच्या मधोमध चाकांनी पाडलेल्या चाकोरीत शिरलं आणि खाली, आमच्या बुटांच्या दिशेने निघालं. ‘व्होदा,’ ती म्हणाली. बल्गेरियन व्होदा आणि आपलं उदक एकाच मुळाचे, त्यामुळे हा धडा मला भाषांतराशिवाय कळला.

खरं तर सगळं काम या एका शब्दाचं होतं. मी समजत होतो, सायकल डोंगर खाते. सायकल फक्त सुरुवात करते. चाक माती दाबतं, मधोमध पन्हळ पडते, कडेला मातीची बारीक वरंडी चढते. मग पाऊस येतो आणि त्या पन्हळीला नाला समजून धावत सुटतो. दोन-तीन हंगामांत स्प्रूसची मुळं उघडी पडतात. या झाडाची मुळं खोल जात नाहीत, पसरतात, त्यामुळे जोराच्या वाऱ्यापुढे ते टिकत नाही. डोंगराच्या पूर्वेकडे बिस्त्रिश्कोच्या राखीव जंगलात २००१मध्ये एका वावटळीने सुमारे ६० हेक्टरवरची स्प्रूसची झाडं झोपवली होती.

माझं बालपण दुष्काळी माण तालुक्यातलं. श्रमदानात मी समतल चर खणलेत: दोन फूट रुंद, दीड फूट खोल, आणि तळ असा सपाट की पाण्याला कुठे जावं ते कळूच नये. ते जागच्या जागी मुरावं एवढ्यासाठी सारा आटापिटा. इथे शिकवण अगदी उलटी. वाटेवर पाणी क्षणभरही रेंगाळता कामा नये आणि वाटेच्या लांबीने वाहताही कामा नये. आडवं येऊन आडवंच निघून जावं. हात मात्र जुन्याच वळणाने चालत होते. मी खणलेला पहिला उतार मुकादमबाईंनी पाहिला, पुन्हा बाटली उपडी केली, आणि माझ्या खड्ड्यात सुरेख डबकं साचलं. माणमध्ये शाबासकी मिळाली असती.

दुसऱ्यांदा करायचं ते असं. आधी खालच्या कडेची वरंडी कुदळीने तोडायची. मग वाटेला दरीच्या बाजूने किंचित कल द्यायचा, मीटरमागे पाच सेंटीमीटर. डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकाच. जिथे पाणी जास्त तिथे वाटेतच एक पसरट खळगा काढायचा आणि निघालेली माती त्याच्या खालच्या अंगाला लांबट उंचवट्यासारखी चोपायची. पाणी खळग्यात येतं, उंचवट्याला अडतं आणि बाजूने बाहेर पडतं. हा सगळा चढउतार तीन-चार मीटरांत पसरलेला हवा. पायवाटेवर आडवा ओंडका टाकून भागतं, चालणारा तो ओलांडून जातो. वेगात आलेल्या सायकलस्वाराला मात्र तो ओंडका थेट हवेत पाठवेल.

मातीचंही शास्त्र आहे. वरची काळी, मऊ, पालापाचोळ्याची माती माझ्यातल्या शेतकऱ्याला सोन्यासारखी. इथे ती बाजूला सारायची, कारण तिचा लगेच चिखल होतो. खालची पिवळसर, खरखरीत मुरमाड माती हवी. काळी माती ढिगाने ओतायची नाही, उताराखाली पातळ उधळायची आणि वर सुया-पानं पसरायची. काम झाल्यावर काम झाल्यासारखं दिसू नये.

वळणाच्या आधी धुण्याच्या पाट्यासारखे खाच-उंचवटे पडले होते. ब्रेक दाबल्यावर मागचं चाक थरथरत घासतं त्याची ही खूण. मी भरायला घमेलं शोधू लागलो तर सगळे हसले. भरले तर महिन्यात पुन्हा पडणार; दुखणं वर आहे. वरचा पट्टा सरळसोट असल्यामुळे वेग वाढतो आणि मग वळणाशी घाबरून ब्रेक दाबला जातो. म्हणून तीस मीटर वर जाऊन दोन मोठ्या दगडांमध्ये वाट जरा नागमोडी केली. हे मला फार आवडलं. डोकं दुखतं म्हणून पोटाचं औषध देणाऱ्या आमच्या गावच्या वैद्यांची आठवण झाली.

दुपारी पाव, चीज आणि लोणच्याच्या मिरच्या खाताना वरच्या पठाराचा विषय निघाला. चेर्नी व्रहच्या आसपास तॉर्फेनो ब्रानिश्ते आहे. ब्रानिश्ते म्हणजे राखलेलं रान. तिथे शेवाळाच्या थरांवर थर साचून दलदलीची स्पंजासारखी जमीन झाली आहे, आणि वितोशाचे ओढे तिच्यातून हळूहळू पाझरत निघतात. तिथे चाक घालायचं नाही. चालणाऱ्यानेही आखलेली वाट सोडायची नाही. स्पंजात चाकाने एक चीर पाडली की तिचाच चर होतो आणि साठलेलं पाणी वाहून जातं. वरचं पठार म्हणजे आमचं माण, पाणी धरून ठेवणारं. खालची वाट त्याच्या उलट. एकाच डोंगराला दोन्ही हवं.

दुपारनंतरचं काम जास्त अवघड निघालं: वाट मोडायचं. मूळ मार्गाला फाटा फोडून कुणीतरी सरळ उताराची बेकायदा वाट पाडली होती. पाण्याला याहून सोयीचा रस्ता नाही. तिच्यावर वाळक्या फांद्या, कुजके ओंडके, पाला ओढून टाकला. सगळा जोर वरच्या तोंडाशी, सायकलस्वाराच्या नजरेत येणाऱ्या पहिल्या दहा मीटरांवर. वाट दिसली नाही की मोहही होत नाही. एक तरुण पोरगा फांद्या ओढताना फारच गप्प होता. वाट कुणी पाडली हे कुणी विचारलं नाही.

चारच्या सुमाराला आमच्या नव्या खळग्यांवरून पहिली सायकल गेली. मी अपेक्षेने पाहत होतो. स्वार हात हलवून ‘मेर्सी’, म्हणजे धन्यवाद, असं ओरडला. ते वाटेला होतं की आम्ही बाजूला सरलो म्हणून, सांगता येत नाही.

आठवडाभर पाऊस झाला. पुढच्या रविवारी मुकादमबाई आणि मी तेवढेच पाहणीला गेलो. चार खळग्यांपैकी तिघांनी चोख काम केलं होतं. दरीच्या बाजूला पाण्याने गाळाचे छोटे पंखे पसरले होते. चौथ्याच्या तोंडाशी स्प्रूसच्या सुयांचा बूच बसला होता आणि आत स्वच्छ, स्थिर पाणी उभं होतं, त्यात ढग दिसत होते. तो खळगा कुणाचा हे तिला आठवत होतं. तिने काही न बोलता फावडं माझ्या हातात दिलं.